नोस्फेराटूचं खरेदीखत

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाकडे गावाकडून पाहुणे आले की त्याच्या अंगात गाईड संचारतो. एरवी आपल्या गल्लीतली टपालपेटी कुठे आहे हे ज्याला बायकोला विचारावं लागतं, तो पाहुण्यांपुढे मध्ययुगीन व्यापारी संघांवर अर्धा अर्धा तास बोलतो. माझ्या बाबतीत या संचाराला एक जास्तीचा फाटा आहे. मी सिनेमावर बोलतो. हॅम्बुर्गला आमच्या घराजवळ एक लहानसं चित्रपटगृह आहे. तिथे अधूनमधून जुने मूकपट लावतात आणि खाली कोपऱ्यात एक गृहस्थ पियानो वाजवतात. तिथे मी नेमानं जातो, नेमानं डुलक्या घेतो आणि घरी येऊन नेमानं बोलतो. बायकोनं ऐकणं केव्हाच सोडलंय. चिरंजीव माझा चेहरा नुसता विचारमग्न झाला तरी कानात इअरफोन घालतात. त्यामुळे यंदा उन्हाळ्यात सासू-सासरे येणार असं कळल्यावर मला जो आनंद झाला, तो बायकोला वाटला तेवढा निर्मळ नव्हता. मला श्रोते मिळणार होते.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झालेत. सातारा जिल्ह्यातल्या निम्म्या जमिनींचे कागद त्यांच्या डोळ्यांखालून गेले असतील. माणूस मितभाषी. समोरच्यानं काहीही सांगितलं की ते आधी चष्मा पुसतात आणि मग एकच प्रश्न विचारतात. प्रश्न साधा असतो, पण तो ऐकल्यावर सांगणाऱ्याला घाम फुटतो. शिवाय त्यांना ऐकू जरा कमी येतं. म्हणून मी ठरवलं, यांना मूकपटच दाखवायचा.

‘नोस्फेराटू’ निवडण्यामागे माझा हिशेब होता. बर्लिनची भिंत काय, सगळेच दाखवतात. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ या दिग्दर्शकाचा हा 1922 सालचा चित्रपट म्हणजे रक्तपिपासू भुतांच्या चित्रपटांचा मूळपुरुष. त्यातलं गाव उभं केलंय ते विस्मार आणि ल्युबेक या दोन गावांत, आणि दोन्ही गावं आमच्याकडून एका दिवसात पाहून परतता येण्यासारखी. आधी घरी चित्रपट, मग प्रत्यक्ष स्थळदर्शन, सोबत माझं विवेचन. बेत उत्तम होता. एकच अडचण होती. मला भुतांची भीती वाटते. चारचौघांत मी ‘नोस्फेराटू’ कितीही वेळा पाहिल्याचं सांगत असलो तरी त्यातले बरेच प्रसंग बोटांच्या फटीतून पाहिलेत आणि शेवटची दहा मिनिटं चित्रपटगृहाच्या प्रसाधनगृहात काढलीत. तेव्हा माझं ज्ञान बरंचसं पुस्तकी. आणि पुस्तकी ज्ञानाला आवाज मोठा लागतो.

शनिवारी रात्री जेवणं उरकली, मी दिवे मालवले आणि टीव्हीपुढे उभा राहून प्रास्ताविक सुरू केलं. ‘प्राणा फिल्म’ नावाच्या नव्या कंपनीनं हा चित्रपट काढला. कंपनीच्या भागीदारांपैकी आल्बिन ग्राऊ हा चित्रकार आणि गूढविद्येचा भक्त. नेपथ्य त्याचं, वेशभूषा त्याची, जाहिरातीची चित्रंही त्याचीच. 4 मार्च 1922 ला बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या संगमरवरी दालनात जर्मनीतला पहिला खेळ झाला, तो जंगी मेजवानी करून. निमंत्रितांना शंभर वर्षांपूर्वीच्या पोशाखात यायला सांगितलं होतं. इथं मी कौतुकासाठी जरा थांबलो.

अण्णांनी चष्मा पुसला. “पुढं काय झालं कंपनीचं?”

“बुडाली. त्याच वर्षी. हा एकच चित्रपट काढला त्यांनी.”

“हं,” अण्णा म्हणाले. त्या एका ‘हं’मध्ये मेजवानीच्या खर्चाचं लेखापरीक्षण झालं. मी चित्रपट लावला.

गोष्ट तशी सरळ आहे. 1838 साल, विसबोर्ग नावाचं काल्पनिक गाव. तिथे नॉक नावाचा घरांचा दलाल असतो. ‘दलाल’ म्हटल्याबरोबर अण्णा सोफ्यावर सावरून बसले. या नॉकला कार्पेथियन पर्वतातल्या ऑर्लोक नावाच्या सरदाराचं पत्र आलेलं असतं. हा सरदार म्हणजेच नोस्फेराटू, आणि त्याला गावात घर हवंय. पत्रात अक्षर म्हणून नाही, नुसती चिन्हं, आकृत्या, वेटोळी. मी लगेच सांगायला सरसावलो की ही ग्राऊच्या गूढविद्येतली सांकेतिक भाषा.

“त्याचं प्रमाणित भाषांतर जोडलंय का?” अण्णांनी विचारलं.

नॉक आपल्या हाताखालच्या हुटर नावाच्या तरुणाला बोलावतो आणि सांगतो की तुझ्या घरासमोरचं ते ओसाड घर आहे ना, तेच सरदाराला दे. हुटर हसत हसत तयार होतो. बायकोला, एलेनला, मित्राच्या घरी ठेवून घोड्यावरून निघतो. अण्णांनी नॉककडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “या माणसाकडे बघा. हा गिऱ्हाइकाच्या बाजूनं आहे. विकणाऱ्याचं नावच नाही अजून.”

मी चित्रपट अनेकदा पाहिलाय, निदान पाहिल्याचं सांगितलंय. घर विकतोय कोण, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

वाटेत हुटर एका खाणावळीत उतरतो आणि ऑर्लोकच्या गढीवर जायचंय असं म्हणताच सगळ्यांचे घास हातातच राहतात. रानात मनुष्य-लांडगा फिरतोय, रात्री जाऊ नका, असं त्याला सांगतात. मी आवाज खाली आणून म्हटलं, “आता तो दिसेल.” पडद्यावर अंगावर पट्टे असलेलं एक जनावर दबकत आलं.

“अगंबाई, हे तर तरस,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या मागच्या डोंगरावर यायचं. कोंबड्या न्यायचं.”

आणि ते तरसच होतं. मुर्नाऊच्या छायाचित्रकारानं सरळ तरस उभं केलंय आणि चित्रपट त्याला लांडगा म्हणतोय. माझ्या प्रास्ताविकाच्या इमारतीला पहिला तडा तिथे गेला.

मग तो पूल येतो. गाडीवाले पुढे यायला नकार देतात, हुटर एकटा पूल ओलांडतो आणि एक काळी बग्गी अनैसर्गिक वेगानं खाली धावत येते. मुर्नाऊनं इथे कॅमेऱ्याची गती कमी ठेवून बग्गी पळवलीय आणि जंगलाचा एक तुकडा निगेटिव्हमध्येच दाखवलाय, म्हणजे झाडं पांढरी आणि आकाश काळं. माझ्या हाताला इथे नेहमी घाम येतो. गढीचं दार आपोआप उघडलं आणि अंधाऱ्या कमानीतून सरदार ऑर्लोक बाहेर आला. उंच, किडकिडीत, टक्कल तुळतुळीत, नाक पुढे आलेलं, भुवया झुडपांसारख्या, कान टोकदार आणि डोक्यापासून फटकून उभे. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट.

खोलीत शांतता पसरली. मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

“ठेवण अगदी जावईबापूंची,” सासूबाई प्रेमानं म्हणाल्या.

मी सांगायचा प्रयत्न केला की हा माक्स श्रेक, नामवंत रंगभूमीवरचा नट, रंगभूषेत बसून तो असा झाला. “तुम्हाला काही लावावं लागलं नसतं,” बायको म्हणाली. चिरंजीवांनी इतका वेळ कानात असलेले इअरफोन काढले आणि प्रथमच रस घेऊन चित्रपट पाहायला लागले. दर थोड्या वेळानं ते पडदा आणि बाप ताडून पाहत होते. हा ऑर्लोक नव्वदेक मिनिटांच्या चित्रपटात सारा मिळून नऊएक मिनिटंच पडद्यावर दिसतो, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला त्या रात्री तो फार वेळ दिसतोय असं वाटलं.

जेवताना पाव कापता कापता हुटरचा अंगठा कापतो. रक्त पाहून ऑर्लोक पुढे झेपावतो आणि अंगठा धरतो.

“अंगठा दस्तावर घ्यायचा असतो,” अण्णा म्हणाले. मला क्षणभर वाटलं ते विनोद करताहेत. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

सकाळी हुटर आरशात मान पाहतो, दोन खुणा असतात. तो बायकोला पत्रात लिहितो की इथे डास फार आहेत. हे मात्र सासूबाईंना पटलं. संध्याकाळी ऑर्लोक कागदांवर सही करायला बसतो, तेवढ्यात हुटरच्या सामानातलं एलेनचं छोटं चित्र त्याच्या हाती लागतं. तिची मान किती सुंदर आहे, असं म्हणून तो सही ठोकतो. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, कारण कामवासना आणि मृत्यू यांवर माझं एक छोटं टिपण याच ठिकाणी तयार असतं. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं.

“साक्षीदार कुठायत?”

“अण्णा, तो पिशाच आहे.”

“म्हणजे मयत?”

“हो. म्हणजे मेलेला, पण मेलेला नाही.”

“विकणारा मयत असला तर वारसांच्या सह्या घेतो आपण. खरेदीदारच मयत असल्याचं सगळ्या नोकरीत पाहिलं नाही.” ते क्षणभर थांबले. “म्हणजे कागदावर पाहिलं नाही.”

पुढे ऑर्लोक मातीनं भरलेल्या शवपेट्या एकावर एक भराभर रचतो, वरच्या पेटीत स्वतः आडवा होतो, झाकण हवेत तरंगत येऊन बसतं आणि घोडे सुटतात. चित्रचौकट थांबवत थांबवत केलेली ती करामत आजही अंगावर काटा आणते. मातृभूमीच्या मातीत झोपल्याशिवाय त्याला चालत नाही, हे मी हळव्या स्वरात सांगितलं.

“पेट्या भरून माती,” अण्णा म्हणाले. “गौण खनिज झालं हे. वाहतुकीचा पास?”

जहाजावर एकेक खलाशी मरतो, शेवटी कप्तान स्वतःला सुकाणूशी बांधून घेतो, आणि मेलेलं जहाज आपोआप बंदरात शिरतं. मग ऑर्लोक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून गावातून एकटाच चालत निघतो. आता, चित्रपट सुरू होण्याआधी मी एक मुद्दा ठासून सांगितला होता. ब्रॅम स्टोकरच्या 1897 सालच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतला पिशाच दिवसाढवळ्या हिंडतो, त्याला ऊन बाधत नाही. पिशाच सूर्यप्रकाशानं नष्ट होतो ही कल्पना या चित्रपटानं आणली आणि पुढे अनेकांनी उचलली. मुद्दा खरा आहे. पण पडद्यावर त्या वेळी लख्ख ऊन पडलं होतं. भिंती चमकत होत्या आणि ऑर्लोकच्या पायापासून ठसठशीत सावली निघाली होती.

अण्णांनी चष्मा पुसला. “ही सावली कशाची?”

मी म्हटलं, “इथे रात्र आहे ती अंतर्मनातली.” आणखीही काही बोललो. युद्धोत्तर जर्मन मानस, प्रकाशाचा नकार वगैरे शब्द त्यात होते. बायको तोवर फोनवर वाचत होती. तिनं शांतपणे सांगितलं की त्या काळी फिल्मवर रात्री बाहेर चित्रण करणं अवघड होतं, म्हणून रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून नंतर ती फिल्म निळ्या रंगात बुडवायचे. घरातल्या दिव्याच्या उजेडाला पिवळा, पहाटेला गुलाबी. प्रेक्षकांनी पाहिली ती निळी रात्र होती. “काळीपांढरी प्रत केली की रंग गेला आणि दिवस झाला. रंगवलेली दुरुस्त प्रतही मिळते, असं लिहिलंय. तुम्ही ही कुठली लावलीत?”

मी इंटरनेटवर फुकट मिळालेली लावली होती. रंगवलेलीला काही युरो पडत होते.

“मी चहा टाकतो,” असं म्हणून उठलो. तसंही शेवटची दहा मिनिटं आली होती. जिन्यावरून वर चढणारी ती सावली, लांबलेली बोटं, एलेनच्या छातीवर मिटणारी सावलीची मूठ, हे सगळं मी स्वयंपाकघरात आल्याचा कीस करत ऐकलं, म्हणजे संगीतावरून ओळखलं. कप घेऊन आलो तेव्हा अण्णा उठले होते. “झाला,” ते म्हणाले. “बाईनं स्वतः खिडकी उघडली. त्याला पहाटेपर्यंत थोपवून धरलं. कोंबडा आरवला, तो धूर होऊन गेला. बाई पण गेली.”

“तो प्रसंग फार प्रभावी आहे,” मी म्हटलं.

झोपायच्या आधी सासूबाईंना लोणच्याची ती मोठी बरणी आठवली. मीच ती तळघरात नेऊन ठेवली होती. सकाळी थालीपिठाशी हवी, आत्ताच आणून ठेवा, असा हुकूम झाला. आमच्या इमारतीत जिन्यातला दिवा कळ दाबली की लागतो आणि थोड्या वेळानं आपोआप मालवतो. जर्मन काटकसर. मी बरणी छातीशी धरून तळघरातून वर येत असताना तो मालवला. कळ वरच्या वळणावर होती. मी अंधारात पाय चाचपत होतो, तेवढ्यात खालून एकदम उजेड आला आणि समोरच्या भिंतीवर एक भलीमोठी आकृती वर सरकायला लागली. तुळतुळीत डोकं. दोन्ही बाजूंना उभे कान. छातीपाशी आवळलेल्या लांबलचक बोटांत काहीतरी धरलेलं.

मी ‘आई गं’ म्हणून ओरडलो ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण कमी ऐकू येणारे अण्णा दारात आले. खाली उतारावरून सायकल तळघरात ठेवायला आलेल्या शेजारीणबाई दिवा माझ्यावर रोखून थिजून उभ्या होत्या. त्यांचंही चुकलं नाही. मी मागे वळलो होतो आणि माझी पूर्ण ठेवण त्यांना समोरून दिसत होती.

“काय झालं?” अण्णांनी वरून विचारलं.

“दिवा गेला,” मी म्हटलं. बरणी शाबूत होती. तेल तेवढं सदऱ्यावर आलं होतं, आणि ते लाल होतं.

सकाळी थालीपीठ खाता खाता अण्णांनी रात्रीच्या फाइलीतला राहिलेला मुद्दा काढला. “मूळ गोष्ट त्या स्टोकरची ना? त्याला किती दिले?”

आता इथे मी खरोखर तयार होतो. स्टोकर 1912 मध्ये वारला होता. हक्क त्याच्या पत्नीकडे, फ्लॉरेन्स स्टोकरकडे होते. ‘प्राणा’वाल्यांनी तिला विचारलं नाही, दमडी दिली नाही. ड्रॅक्युलाचा ऑर्लोक केला, लंडनचं विसबोर्ग केलं, आणि कमाल म्हणजे सुरुवातीच्या पाटीवर ‘स्टोकरच्या ड्रॅक्युला कादंबरीवरून’ असं लिहूनही टाकलं.

अण्णांचा घास थांबला. “चोरीच्या मालावर मालकाचं नाव?”

“हो. बाईंना बर्लिनहून कुणीतरी जाहिरातीचं पत्रक पाठवलं, तेव्हा कळलं. त्यांनी लेखकांच्या संस्थेमार्फत दावा लावला. तोवर कंपनीचं दिवाळं निघालेलं, पैसे मिळायची आशा नाही. मग त्यांनी एकच मागणी धरली की सगळ्या प्रती नष्ट करा. 1925 मध्ये जर्मन न्यायालयानं तसा आदेश दिला.”

“आणि तरी आपण काल पाहिला.”

“प्रती परदेशी गेल्या होत्या. त्या राहिल्या.”

अण्णा कितीतरी वेळानं हसले. “नष्ट करायचा हुकूम निघाला की एक प्रत कुठंतरी राहतेच. रेकॉर्ड रूममध्ये जन्म गेला माझा.”

स्थळदर्शनाच्या दिवशी पाऊस होता. मी काळा रेनकोट घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. तिला कार्यालय होतं, ते तिनं फार समाधानानं सांगितलं. चिरंजीव मात्र आपण होऊन आले.

ल्युबेकला त्राव्ह नदीच्या काठी, होल्स्टेनटोर या तिरक्या झालेल्या वेशीला लागून, मिठाची जुनी गोदामं आहेत. लाल विटांची, पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची, सहा घरं एकाला एक चिकटून. ल्युनेबुर्गचं मीठ इथे साठायचं आणि हेरिंग मासे खारवायला उत्तरेकडे जहाजानं जायचं. चित्रपटात ऑर्लोकनं विकत घेतलेलं ओसाड घर ते हेच. होडीत उभा राहून, शवपेटी घेऊन तो याच पाण्यावरून येतो. मी हात पसरून म्हटलं, “हे बघा अण्णा, नोस्फेराटूचं घर!”

“सहा आहेत,” अण्णा म्हणाले. “चतुःसीमा सांगा. कुठलं घेतलं त्यानं?”

मी मधलं दाखवलं. सहांमध्ये मधलं नसतं हे चिरंजीवांनी मोजून दाखवलं.

तिथून पुढे एका चौकात जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता आणि सासूबाईंना तिथे त्यांच्या मनातला देव्हारा सापडला. तो मुळात लंबकाच्या घड्याळाची लाकडी पेटी होता. आतलं यंत्र गेलेलं, समोरची काच गेलेली, उरलं होतं ते काळपट लाकडाचं लांबट खोकं, माझ्या कमरेपासून हनुवटीपर्यंत येणारं. वरचा भाग निमुळता. आत कप्पे ठोकले की झालं, असं त्यांचं म्हणणं. भाव झाला. अण्णांनी पावती मागितली. विकणाऱ्यानं खांदे उडवले. अण्णांनी वर्तमानपत्राच्या कडेवर त्याच्याकडून रक्कम, तारीख आणि सही लिहून घेतली, मगच पैसे दिले. पेटी जावयानं उचलायची हे कुणी बोललंही नाही.

गाडीत तिकीट तपासनीस आला. माझ्या मांडीवर आडवी पेटी, अंगावर काळा कोट. त्यानं आत काय आहे असं विचारलं. आत काही नाही, असं मला म्हणायचं होतं. माझं जर्मन ऐनवेळी घसरतं. मी म्हणालो, “आत सध्या कोणी नाही.” तो माणूस तिकीट न बघताच पुढे गेला. या प्रसंगाची अर्थमीमांसा चिरंजीवांना समजावून देण्याच्या नादात बाड क्लाइनेनला गाडी बदलायची राहिली. पुढच्या स्थानकावर उतरून परतावं लागलं. पेटी दर जिन्यावरून माझ्याच काखेत वरखाली होत होती.

विस्मारला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. चित्रपट सुरू होतो तो इथल्या मारिया चर्चच्या मनोऱ्यावरून घेतलेल्या गावाच्या दृश्यानं. मनोरा आहे, चर्च नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यावर बाँब पडले आणि उरलंसुरलं 1960 मध्ये पाडलं. तेव्हा जुन्या विस्मारचं चित्रण आज या भुताच्या चित्रपटात पाहायला मिळतं. हे मी सांगत होतो आणि अण्णा प्रथमच न चष्मा पुसता ऐकत होते.

बंदराच्या बाजूला ‘वासरटोर’ म्हणजे पाणवेस आहे, गावाच्या वेशींपैकी राहिलेली एकुलती एक. ऑर्लोक शवपेटी काखेत मारून या कमानीतून गावात शिरतो. मला ते अण्णांना करून दाखवायची इच्छा झाली. पेटी हाताशीच होती. मी कमानीपलीकडे बंदराकडे गेलो, पेटी काखेत नीट बसवली, खांदे वर केले, मान आखडली आणि ताठ पावलं टाकत कमानीतून आत आलो.

आत बारा-पंधरा पर्यटकांचा जथा उभा होता. त्यांच्या बाई हातातलं मोठं छायाचित्र दाखवून नेमका हाच प्रसंग समजावत होत्या. सगळ्यांनी छायाचित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत छायाचित्राकडे. एक लहान मुलगी भोकाड पसरून आजीच्या झग्यात शिरली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. पटापट फोन निघाले. बाईंनी मला जरा उजेडात उभं राहायची विनंती केली, नगरपालिकेनं ठेवलेला माणूस समजून. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर दात दिसल्यावर आणखी टाळ्या. जाताना त्या आजींनी दोन युरोचं नाणं पेटीत टाकलं. लाकडावर ते टण्ण वाजलं. आयुष्यभर चित्रपटाबद्दल बोललो त्याची ही माझी पहिली कमाई, आणि ती तोंड बंद ठेवून झाली.

“पावती दिलीत का?” अण्णांनी विचारलं. चिरंजीव जमिनीवर बसून हसत होते.

संध्याकाळी धक्क्यावर डबे सोडले. सासूबाई पेटीला ओल्या फडक्यानं पुसत होत्या. मी पाठ धरून बसलो होतो आणि गप्प होतो. बहुधा त्यामुळेच अण्णा बोलले.

“चित्रपट चांगला आहे हो तुमचा. मी विचार करत होतो. तो माणूस दार फोडून येत नाही. अर्ज करतो. दलालामार्फत येतो. सही करतो, पेट्या रीतसर जहाजावर चढवतो, घर घेतो आणि मग समोर राहायला येतो. आपल्याकडं असंच होतं. गाव खाणारा माणूस रात्री भिंतीवरून उडी मारून येत नाही, सकाळी साडेदहाला कागद घेऊन येतो. आणि आपलाच कुणीतरी हुशार पोरगा त्याला हसत हसत नेऊन घर दाखवतो. मी तसे दस्त नोंदवलेत. कागद पुरे होते, मला अडवता आले नाहीत.”

माझ्याकडे जर्मन अभिव्यक्तिवादावरची, म्हणजे या चित्रपटाच्या शैलीवरची, तीन पुस्तकं आहेत. सावल्या, तिरके कोन, युद्धानंतरची भीती, सगळं त्यांत आहे आणि ते खोटं नाही. पण या चित्रपटाचा जो गाभा आहे, तो एका निवृत्त दुय्यम निबंधकानं एका बैठकीत, तेही सदोष प्रतीवर, काढून दाखवला. ज्यांनी कागदोपत्री घरखरेदीची ही भयकथा रचली, त्यांनी मूळ कथाच बिनकागदाची घेतली आणि त्यापायी न्यायालयात हरले, हेही एकाच सूत्रात बसतं. माझ्या प्रास्ताविकात ते सूत्र नव्हतं. तिथे संगमरवरी दालनातली मेजवानी होती.

तेव्हा ‘नोस्फेराटू’ जरूर पाहा. फुकटची काळीपांढरी प्रत लावू नका. रंगांसकट दुरुस्त केलेली घ्या, चार पैसे पडतील, पण रात्र रात्रीसारखी दिसेल. घरात महसूल किंवा नोंदणी खात्यातून निवृत्त झालेलं कुणी असेल तर त्यांना पुढे बसवा, आणि आपण चहा टाकायला जायचंच असेल तर चित्रपट सुरू व्हायच्या आधी जा.